मशीन काढू नका

मी धीट बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पारोळ्यात हल्ली कुणी भेटलं की म्हणतं, "वैशालीताई, तुम्ही लई हिमतीच्या." मी हसते आणि विषय बदलते. खरं असं आहे की त्या सगळ्या काळात मी घाबरलेली होते. आजार कळला तेव्हा घाबरले, वाढत गेला तेव्हा घाबरले, आणि बरी व्हायला लागले तेव्हा तर सगळ्यात जास्त घाबरले. ज्यांच्या घरात आज असं काही चाललं आहे, त्यांनी दुसऱ्यांच्या हिमतीच्या गोष्टी ऐकून स्वतःला कमी समजू नये. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

दोरा सुटला

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराई होती. आठवडाभर आधी माझं पोट बिघडलं होतं, जुलाब झाले होते, गोळ्यांनी बरंही वाटलं होतं. त्या दिवशी सकाळपासून पायांच्या बोटांना मुंग्या येत होत्या. दिवसभर उभं राहण्याचं काम, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

खुर्चीत एक नवरी मुलगी बसली होती, भुवया करायच्या होत्या. दोरा दातांत धरला, बोटांवर पीळ दिला आणि तो सुटला. परत धरला, परत सुटला. बोटं जागच्या जागी दिसत होती, पण त्यांच्यात दोरा आहे की नाही हे मला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. मुलीची आई म्हणाली, ताई, दमलात तुम्ही, चहा घ्या मग करा. चहाचा कपही मला दोन्ही हातांनी धरावा लागला. मुलीला शेजारच्या पार्लरमध्ये पाठवलं आणि शटर ओढायला गेले, तर ते ओढलं जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकले आणि मी जमिनीवरच बसले. पडले असं म्हणता येणार नाही. पाय दुमडले गेले, कुणी पायांतली हाडं काढून घेतल्यासारखे.

माझे यजमान संजय यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतातल्या पंपांच्या मोटारी ते भरून देतात. ते शेजारच्या माणसाला घेऊन आले आणि मला खुर्चीसकट उचलून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्यांनी परत मारली, मग दुसऱ्या गुडघ्यावर मारली. आमचे हे डॉक्टर बोलके आहेत, पेशंट तपासताना पावसापाण्याच्या गप्पा मारतात. त्या दिवशी ते बोलायचे थांबले. हातोडी टेबलावर ठेवून संजयना म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच धुळ्याला न्या.

गाडीत माझी सासू, अक्का, मागे माझ्याजवळ बसली. तिनं माझे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. मी तिचे हात हलताना बघत होते. पाय चोळले जाताहेत हे मला फक्त दिसत होतं.

एका श्वासात

धुळ्याच्या डॉक्टरांनी नसांची तपासणी केली, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मग खुर्ची ओढून आमच्या समोर बसले. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, जीबीएस. जंतूंशी लढायची आपल्या शरीराची जी ताकद असते, ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली आहे, असं समजावलं. बहुतेक लोक बरे होतात, असंही म्हणाले. हे ऐकून संजयनी मोठा श्वास सोडला.

"पण आधी बिघडणार," डॉक्टर म्हणाले. "किती बिघडणार, ते आज मला सांगता येत नाही."

या वाक्यानंतर मला दुसरं काही ऐकू आलं नाही. तोवर मला वाटत होतं की दवाखान्यात पोचलो म्हणजे बिघडणं थांबलं. आता कळलं की ते माझ्या आत चालूच आहे, पायांकडून वर सरकतं आहे आणि ते कुठे थांबेल हे इथल्या सगळ्यात शिकलेल्या माणसालाही माहीत नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. अधूनमधून एक डॉक्टर मुलगी यायची आणि सांगायची, मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात जमतील तितके आकडे मोठ्याने म्हणा. पहिल्यांदा मला हसू आलं, शाळेत बसल्यासारखं वाटलं. दुपारी मी वीसच्या पुढे गेले. संध्याकाळी पंधराला अडखळले. ती परत आली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की पंधराच्या पुढे जायचंच. आठवर श्वास संपला. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेली. बाहेर ती संजयशी बोलताना मला काचेतून दिसत होती. संजयनी भिंतीला हात टेकला.

मग डॉक्टर आले. म्हणाले, तुमचे श्वासाचे स्नायू थकले आहेत, काही दिवस मशीन तुमच्यासाठी श्वास घेईल. नळी घातल्यावर बोलता येणार नाही, कुणाशी बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या.

गौरी, आमची मुलगी, पारोळ्यालाच होती, दहावीत. संजयनी फोन लावून माझ्या कानाला धरला. ती पलीकडून आई, आई म्हणत होती. माझ्याकडे दोन-तीन वाक्यांपुरता श्वास होता. किती गोष्टी सांगायच्या होत्या. आणि मी म्हणाले, "गॅस खालून बंद केलास का? बघ."

ती हो म्हणाली. एवढंच झालं. नंतर कित्येक दिवस मी तिथे पडून हाच विचार करत होते की हे माझं शेवटचं वाक्य ठरलं तर लेकीकडे माझी आठवण म्हणून गॅसचं बटण राहील.

आतमध्ये

पुढचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. आयसीयूत दिवे कायम चालू असतात. हात गेले, मान गेली, मग चेहरा गेला. पापण्या मिटेनात, म्हणून डोळ्यांत मलम घालून वरून चिकटपट्टी लावायचे. लोकांना वाटतं अशा पेशंटला शुद्ध नसते. मला सगळी शुद्ध होती. कपाळावर माशी बसलेली कळत होती. पाठीखाली चादरीची घडी टोचायची आणि मी ती कुणाला सांगू शकत नव्हते. नसांच्या दुखण्यानं पाय आतून भाजल्यासारखे व्हायचे आणि माझ्या तोंडून हुं सुद्धा निघत नव्हतं.

सगळ्यात भीती कूस बदलायची वाटायची. एकदा मला वळवताना मशीनची नळी निसटली. लगेच परत जोडली, कुणाची चूक नव्हती, असं होतं कधी कधी. जोडणाऱ्यांना ते क्षणभराचं काम. पण त्या क्षणात माझ्या छातीत हवा येणं थांबलं होतं, मशीन किंचाळत होतं आणि मी हाताचं बोटही उचलू शकत नव्हते. त्यानंतर कुणाची पावलं पलंगाजवळ आली की माझं काळीज इतकं धडधडायचं की मॉनिटर वाजायला लागायचा. तो वाजला की आणखी माणसं यायची, आणि मी आणखी घाबरायचे.

हे मीना सिस्टरच्या लक्षात आलं. ती साक्रीकडची, आवाज जरा घोगरा. तिनं माझ्या डोळ्यांवरची पट्टी काढली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला ऐकू येतं ना? हो असेल तर वर बघा. नाही असेल तर बाजूला."

मी वर बघितलं. डोळे तेवढे अजून माझे होते.

तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. आता मी नळीतला कफ ओढणार आहे, ठसका लागेल, लगेच थांबेन. आता डावीकडे वळवणार आहे, नळी माझ्या हातात धरलेली आहे. दुखणं तेवढंच राहिलं, पण अचानक होणं बंद झालं. तुमचं माणूस असं पडलेलं असेल तर एवढं करा. हात लावायच्या आधी सांगा. आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका.

हे दुसरं मी अनुभवावरून सांगते आहे. भेटीच्या वेळी एकदा संजय आणि धुळ्यातच राहणारा माझा मोठा भाऊ, राजूदादा, माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. दादाचं म्हणणं होतं की मला मुंबईला हलवावं. संजय म्हणत होते की डॉक्टर प्रवासाला नाही म्हणताहेत, वाटेत काही झालं तर जबाबदार कोण. दादाचा आवाज चढला. तुमच्या रक्ताचं माणूस असतं तर तुम्ही असे बसून राहिला असता का, असं तो काहीतरी बोलला. संजय खूप हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "आणि ती अशीच राहिली तर?"

डोळ्यांवर पट्टी होती. त्यांना वाटलं मी झोपले आहे.

त्या वाक्यासोबत मी किती वेळ काढला, ते मला सांगता येणार नाही. त्यांचा राग आला नाही. तेच वाक्य मी स्वतःशी रोज म्हणत होते. पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं होऊ शकतं असं पहिल्यांदा वाटलं.

त्याच संजयची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्यांना मोटारी कळतात, त्यामुळे लाइट गेल्यावर या मशीनचं काय होणार या विचारानं ते हैराण झाले होते. त्यांनी दवाखान्यातल्या देखभालीच्या माणसाच्या मागे लागून बॅटरी कुठे आहे, जनरेटर कुठे आहे, किती वेळात सुरू होतो, सगळं बघून घेतलं. मग आत येऊन माझ्या कानाशी वाकून म्हणाले, लाइट गेली तरी मशीन बंद पडत नाही, मी स्वतः बघून आलोय. मी ही भीती त्यांना कधी सांगितलीच नव्हती. सांगू शकत नव्हते. तरी ती त्यांना कळली होती.

गौरी

गौरी मला बघायला येत नव्हती. अभ्यास आहे, असं घरचे सांगायचे. ती यायला तयार नाही हे मला कळत होतं.

मग एकदा आली. दारातच थांबली. तेव्हा गळ्याला छिद्र करून तिथून नळी बसवली होती, तोंड मोकळं होतं पण वाकडं पडलं होतं. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे नीट करणारी तिची आई. तिनं माझ्याकडे बघितलं आणि वळून निघून गेली. बाहेर तिला उलटी झाली, हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, सोबत कंगवा घेऊन. मीना सिस्टरला विचारून माझ्या उशीमागे उभी राहिली आणि केसांची गुंतवळ एकेक बट धरून सोडवायला लागली. अर्धी वेणी झाल्यावर म्हणाली, "मला अजून भीती वाटते तुझ्याकडे बघायची. म्हणून मागे उभी आहे."

इतके दिवस सगळे मला सांगत होते, घाबरायचं नाही, तू वाघीण आहेस. ते बोलून निघून गेले की मी आणखी एकटी पडायचे. घाबरले आहे असं म्हणणारी माझी लेक पहिली. मला फार बरं वाटलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनंच पुसलं, मागून हात लांबवून.

मशीनवरून उतरताना

ज्या दिवसाची सगळे वाट बघत होते तो आला. खांदे जरा हलायला लागले होते. डॉक्टर आनंदाने म्हणाले, आज थोडा वेळ मशीन काढून बघू, तुमचा तुम्ही श्वास घ्या.

संजय हसले. मी बाजूला बघितलं. नाही. परत परत बाजूला बघितलं. कुणाला वाटलं मला प्रश्न कळला नाही.

मला प्रश्न नीट कळला होता. ज्या मशीनला मी पहिल्या दिवशी घाबरले होते, तेच आता माझं सगळ्यात भरवशाचं माणूस झालं होतं. ते दमत नव्हतं, विसरत नव्हतं. माझ्या छातीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आठवर संपलेला तो श्वास मी विसरले नव्हते.

मशीन काढलं. श्वास आला, पण उथळ, वरच्या वर. पुढचा येईल की नाही या भीतीनं मी तो घाईघाईनं ओढला, त्याच्या पुढचा आणखी घाईनं. मॉनिटर वाजायला लागला, घाम फुटला, डॉक्टरांनी मशीन परत लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या वेळी मी नुसती तयारी बघूनच धापा टाकायला लागले. छाती तयार आहे, असं डॉक्टर संजयना समजावत होते, आता भीतीच आडवी येते आहे. आणि जितके दिवस जातील तितकं मशीन सोडणं अवघड होईल.

तेव्हा अक्का म्हणाली, मला आत बसू द्या. माझं आणि अक्काचं फार सख्य होतं असं नाही. पार्लर काढलं तेव्हा ती वर्षभर माझ्याशी धड बोलली नव्हती. पण तिला दमा आहे, जुना. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि मशीन काढायच्या वेळी तिला माझ्याजवळ स्टुलावर बसवलं.

तिनं चष्मा काढला, माझा हात तिच्या पोटावर ठेवला आणि स्वतःचा हात माझ्या पोटावर.

"माले बी दमा शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "श्वास कसा पळस ते माले माहीत शे. त्याना मागे पळू नको. मन्हाकडे देख. जसा मी लेस तसा तू ले."

मशीन काढलं. भीती आली, जशी रोज यायची तशीच आली, जराही कमी नाही. माझा श्वास पळायला लागला. अक्का पळाली नाही. तिचं पोट माझ्या तळहाताखाली सावकाश वर आलं, सावकाश खाली गेलं. तिच्या छातीतली ती ओळखीची शिट्टी ऐकू येत होती. तिचा एक श्वास होईपर्यंत माझे तीन होत होते. मग दोन झाले. मग एकदा दोघींचे सोबत आले.

"बस," ती म्हणाली. "आते परत."

आम्ही किती वेळ तसं बसलो ते मला माहीत नाही. डॉक्टर मशीनच्या बटणाजवळ उभे होते आणि त्यांनी ते दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी वेळ बसलो, नंतरच्या दिवशी आणखी. अक्का दमायची, स्वतःचा पंप तोंडात मारायची आणि परत बसायची. माझी भीती गेली म्हणून मशीन सुटलं असं झालं नाही. भीती होती तशीच होती, आणि मी श्वास घेत होते. हे दोन्ही एका वेळी होऊ शकतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

जळगाव

बोलता यायला लागलं, उशीला टेकून बसता यायला लागलं, तेव्हा आम्ही जळगावला गेलो. तिथे रोज व्यायाम करून घेणारं केंद्र होतं आणि जवळच खोली मिळाली. दुकान कारागिरावर सोपवून संजय माझ्यासोबत राहिले. त्यांनी मला जेवू घातलं, न्हाऊ घातलं. या काळात आम्ही भांडलोही खूप. मला लवकर बरं व्हायचं होतं आणि ते हळू म्हणायचे, किंवा ते घाई करायचे आणि मी रडायचे. दोन दांड्या धरून उभं राहताना मी एकदा त्यांच्या अंगावर कोसळले आणि आम्ही दोघंही खाली पडलो. उठता येईना. तिथेच बसल्या बसल्या मी त्यांना विचारलं, ती अशीच राहिली तर, असं तुम्ही म्हणाला होता, आठवतं?

त्यांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. मग म्हणाले, "म्हणालो असेन. मी तेव्हा सारखा तोच विचार करायचो. आणि तेव्हाच दुकानाच्या वरची खोली भाड्याने दिलेली सोडवून घ्यायची की खाली दुकानातच माझ्या नजरेसमोर तुझा पलंग टाकायचा, हेही बघत होतो."

फिजिओथेरपिस्ट धावत आला आणि त्यानं आधी मला उठवलं, मग त्यांना.

मी घरी चालत शिरले, काठी घेऊन. डावं पाऊल अजून ओढतं, चप्पल निसटते. भुवया आता माझी मदतनीस करते. पायाला साध्या मुंग्या आल्या तरी मला भीती वाटते. मी लपवत नाही, घरात सांगून टाकते.

नशिराबादची बाई

मागच्या महिन्यात जळगावच्या त्या केंद्रातून फोन आला. नशिराबादच्या एका बाईच्या नवऱ्याला हाच आजार झाला होता, व्हेंटिलेटरवर होता. तिला माझ्याशी बोलायचं होतं. फोनवर ती एकच प्रश्न विचारत राहिली, ते बरे होतील ना. मी म्हणाले, मला माहीत नाही, मी झाले. मग ती म्हणाली, तुम्ही येऊन भेटाल का त्यांना.

मी हो म्हणाले आणि तिच्यासोबत दवाखान्याचा जिना चढले. आयसीयूचं दार उघडलं आणि तो वास आला, मशीनचा तो आवाज आला, आणि मला वाटलं आत्ता इथून पळावं. मी त्या बाईला तसं सांगितलं. म्हणाले, मला फार भीती वाटते आहे, तुम्ही माझा हात धरा. तिनं धरला.

आत तो माणूस छताकडे बघत पडलेला होता. मी त्याला माझं नाव सांगितलं. मी पण अशीच होते, हे सांगितलं. तुम्हाला सगळं ऐकू येतं, हे मला माहीत आहे, हेही सांगितलं. बरे व्हाल असं म्हणाले नाही. घाबरू नका असंही म्हणाले नाही.

"भीती वाटतेय ना?" मी विचारलं. "हो असेल तर वर बघा."

त्यानं वर बघितलं. त्याची बायको माझ्या शेजारी हुंदका दाबत उभी होती. एवढ्या दिवसांत तिला त्यानं दिलेलं ते पहिलं उत्तर होतं.

मी तिला पुढे सरकवलं आणि म्हणाले, आता तुम्ही विचारा.